लहानपणी पाहिलेल्या 'जैत रे जैत'मुळे ठाकरवाडीवर मास्तरीण झाले, आता तोच पिक्चर वाडीतल्या पोरांना दाखवू का?

करवंद_जाळी

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे, आधी थोडं पाल्हाळ सहन करा.

मी 'जैत रे जैत' (मोहोळाशी वैर धरणाऱ्या नाग्या या ठाकर आदिवासीची आणि त्याच्या चिंधीची गोष्ट) पहिल्यांदा पाहिला तेव्हा चौथी-पाचवीत असेन. मुंबई दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी पिक्चर लागायचा तो जमाना. आम्ही ठाण्याला चाळीत, टीव्ही शेजारच्या काकूंकडे आणि तोही ब्लॅक अँड व्हाईट, त्यामुळे स्मिता पाटीलच्या लुगड्यांचे रंग कुठले ते मला कैक वर्षांनी कळलं. गोष्ट अर्धीमुर्धीच समजली. पण गाणी! गाणं संपलं म्हणेपर्यंत दुसरं सुरू, मध्ये माणसं दोन वाक्यं बोलणार की परत ढोल. नंतर बाबांनी कॅसेट आणली ती घासून घासून रिळ बाहेर यायचं, मग पेन्सिल घालून गुंडाळायचं. 'नभं उतरू आलं' मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं म्हटलं तरी चालेल.

त्यातून झालं असं की माझ्या डोक्यात डोंगर, ठाकर आणि गाणं हे एकच प्रकरण होऊन बसलं. डीएड झाल्यावर रायगड जिल्हा परिषदेत लागले, बाकीच्या मैत्रिणी स्टेशनजवळची शाळा मिळावी म्हणून खटपट करत होत्या आणि मी कर्जत तालुक्यातली डोंगरावरची वाडी मागून घेतली. आई म्हणाली पिक्चर बघून कुणी नोकरी ठरवतं का. ठरवतं बहुतेक. गेल्यावर अर्थातच गाणं कमी आणि इतर गोष्टी जास्त निघाल्या. पावसात ओढा भरला की शाळा बंद, भातलावणीत मोठ्या मुली गायब, उन्हाळ्यात पाण्यासाठी रांग, आणि मुलांच्या आया पहाटे जांभळं-करवंदांच्या पाट्या घेऊन खाली लोकल पकडायला जाणार. 'जांभूळ पिकल्या झाडाखाली' ऐकताना मला आता हटकून त्या पाट्या दिसतात. तरी बदली मागितली नाही, आणि त्याचं श्रेय मी अजूनही त्या कॅसेटलाच देते.

आता मुद्दा. दरवर्षी गॅदरिंगला आम्ही 'आम्ही ठाकर ठाकर' बसवतो. यंदा माझीच एक जुनी विद्यार्थिनी, आता पनवेलला कॉलेजात आहे, प्रॅक्टिस बघायला आली आणि सरळ म्हणाली, बाई, गाणं छान आहे पण हे आमचं नाही, आमची आजी असं बोलत पण नाही आणि असं नाचत पण नाही. मी म्हटलं मग पिक्चर बघ आधी, तर म्हणाली, पाहिलाय म्हणून तर बोलतेय! आणि खरंच, वाडीतल्या बाकी कुणीच तो पाहिलेला नाही. तर विचार चाललाय की पाचवी ते सातवीच्या मुलांना प्रोजेक्टरवर दाखवावा. शेवट वाईट आहे (चिंधी जाते), चिंधी पहिल्या नवऱ्याला सोडून येते, मोहोळं, डोळा जाणं, सगळंच आहे त्यात. तुम्ही दाखवला असता का? आणि तुमच्यापैकी कुणाच्या आयुष्याला अशा गाण्यांच्या सिनेमाने दिशा वगैरे दिली असेल तर तेही लिहा, म्हणजे मी एकटीच येडी नाही हे आईला दाखवता येईल.

फुकटचा_समीक्षक

दिशा वगैरे काही नसते हो. तुम्हाला मुळातच डोंगर आवडत असणार, सिनेमा निमित्त झाला. मी पण लहानपणी हाच पाहिला, आज इन्शुरन्समध्ये आहे. मोहोळाचा दावा अजून एकही आलेला नाही.

बाकी दाखवायला हरकत नाही. पण दोन तास पोरं बसतील का हा खरा प्रश्न आहे, आजकालच्या पोरांना तीस सेकंदांच्या पुढे काही झेपत नाही.

पायपेटी

समीक्षक साहेब, निमित्त लागतंच की.

माझं सांगतो. मी पेटी वाजवतो, पोटापाण्याला नाही पण त्याच्या खालोखाल. बारा-तेरा वर्षांचा असताना या सिनेमाची गाणी पेटीवर काढायला बसलो आणि निघेचनात. सूर सापडायचे हो, पण हृदयनाथ मंगेशकरांची ओळ जिथे संपेल असं वाटतं तिथे संपत नाही, पुढे सरकते आणि भलत्याच सुरावर जाऊन उभी राहते. गीतकार ना. धों. महानोरांचे शब्द पण तसेच, मीटर आखून लिहिल्यासारखे वाटत नाहीत, बोलता बोलता गाणं झाल्यासारखे. मी चिडून गुरुजींकडे गेलो ते कायमचा गेलो.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. यात गाणी गोष्टीच्या मध्ये येत नाहीत, गाणीच गोष्ट सांगतात. कोरस येतो, डोंगराचं सांगतो, वाडीचं सांगतो, नाग्याच्या मनातलं सांगतो आणि बाजूला होतो. हे कुठून आलं? दिग्दर्शक जब्बार पटेलांनी 1972 ला 'घाशीराम कोतवाल' केलं होतं, त्यात माणसांची रांगच पडदा होते आणि तीच गाऊन नाटक पुढे नेते. नाग्या करणारे मोहन आगाशे तिथे नाना फडणवीस होते, चंद्रकांत काळे पण त्याच मंडळींतले. मग 1975 ला 'सामना' आणि 1977 ला हा. तर त्याच लोकांनी डोंगरात जाऊन केलेलं संगीत नाटक आहे असं समजून बघा, मग 'सारखी सारखी काय गाणी' असं वाटत नाही. आणि गंमत म्हणजे जब्बार पटेल लहान मुलांचे डॉक्टर, आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. दोन डॉक्टर मिळून ठाकरवाडीवर मोहोळ उतरवायला गेले.

लताबाई 'मी रात टाकली'त आणि आशाबाई 'नभं उतरू आलं'मध्ये, एकाच सिनेमात दोघी एवढ्या वेगळ्या तऱ्हेने लागलेल्या मी दुसरीकडे क्वचितच ऐकल्यात. 'मी रात टाकली'ला तर मागे पुरुषांचे आवाज असे काही येतात की बाई एकटी घरातून बाहेर पडत्येय आणि सगळं रान तिला पाठिंबा द्यायला उभंय. मुलांना बाकी नाही तरी हे एक गाणं नक्की दाखवा, आवाज मोठा ठेवून. मोबाईलच्या स्पीकरवर नको, ढोल मरतो.

वाडीवरचा

बाई नमस्कार. मी स्वतः ठाकर आहे, खालापूरकडचा, सध्या नवी मुंबईत नोकरी. बराच वेळ लिहू का नको करत होतो.

तुमची विद्यार्थिनी बरोबर बोलली आणि तरी तुम्ही पिक्चर दाखवा, दोन्ही.

बरोबर कशी ते सांगतो. महानोर सर पळसखेड्याचे, अजिंठ्याच्या बाजूचे. स्वतः शेतकरी, मोठा माणूस, पण त्यांच्या गाण्यातली बोली ही त्यांच्या मातीची आहे, आमची नाही. आमच्यात पण क ठाकर, म ठाकर असं आहे, अकोले-इगतपुरीकडचं बोलणं वेगळं, आमच्या रायगडातलं वेगळं. पिक्चरमध्ये ते सगळं एक झालंय आणि वर पुण्याच्या नाटकवाल्यांनी ते बोललंय. गावाकडची म्हणून जी एक भाषा पिक्चरात असते ना ती. आमच्या आजीला मी एकदा मोबाईलवर गाणं लावून दिलं तर पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, चांगलं हाय, कुणाचं हाय? म्हणजे बघा. पण लगेच म्हणाली अजून एक लाव.

आणि दाखवा का ते पण सांगतो. मी शाळेत असताना, हॉस्टेलला, ठाकर म्हटलं की पोरं हसायची. आडनाव ठाकरे आहे का रे, मग ठाकर म्हणजे काय, जंगलात राहता का, उंदीर खाता का, असं सगळं. मग एका सरांनी शनिवारी हा पिक्चर लावला. त्यात हिरो ठाकर, हिरॉईन ठाकर, देव आमचा डोंगरातला, ढोल आमचा, आणि गाण्यात आमचं नाव घेऊन सांगतात की आम्ही ठाकर. त्या दिवसानंतर पोरं हसायची थांबली असं नाही, पण मला उत्तर मिळालं. मी ते गाणं म्हणायचो त्यांच्या तोंडावर. बोली आमची आहे का नाही हा प्रश्न मला फार नंतर, कॉलेजला गेल्यावर पडला, जसा तुमच्या विद्यार्थिनीला पडलाय. आधी अभिमान मिळाला म्हणून नंतर भांडता आलं असं माझं मत आहे. तिला पण हे सांगा.

चिंधीचं म्हणाल तर मुलांना त्यात काही विशेष वाटणार नाही. आमच्याकडे नवरा पटला नाही तर बाई निघून येणं, पंचांसमोर सोडवून घेणं, दुसरं घर करणं हे पूर्वीपासून आहे. तुमच्या ठाण्याच्या पालकांना वाटेल काहीतरी, वाडीत नाही वाटणार.

फक्त एक करा. गॅदरिंगला पिक्चरचं गाणं ठेवा, पण त्याच्या आधी वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांना स्टेजवर बोलवून गौरीतलं एक गाणं म्हणायला लावा, आणि ढोल कॅसेटवरचा नको, माणूस बसवा. वाडीत एक तरी वाजवणारा असतोच.

सातेरी

माझं नाव वाचून कळलंच असेल, मी मधमाश्यावाला. सातेरी जातीच्या माश्यांच्या पेट्या ठेवतो. आणि हो, याच सिनेमामुळे. सातवीत पाहिला होता, गाण्यांपेक्षा मला मोहोळांनीच झपाटलं. एवढंसं पाखरू आणि त्याच्याशी माणूस आयुष्यभराचं वैर धरतो हे डोक्यातून जाईना. पुढे पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे असं कळलं, तिथे जाऊन शिकलो.

मुलांना दाखवणार असाल तर आधी पाच मिनिटं हे बोला, कारण वाडीतली पोरं खरंच मोहोळाच्या वाटेला जातात.

सिनेमातल्यासारखी राणी माशी बाहेर येऊन माणसाचा डोळा फोडत नाही. तिला नांगी असते पण ती दुसऱ्या राणीशी मारामारी करण्यासाठी, आणि ती पोळं सोडून सहसा हिंडत नाही. चावतात त्या कामकरी माश्या. कामकरी माशीच्या नांगीला उलटे काटे असतात, ती कातडीत अडकते, माशी मरते पण नांगी तिथेच राहून विष सोडत राहते आणि सोबत एक वास सुटतो, साधारण पिकल्या केळ्यासारखा. तो वास म्हणजे बाकीच्यांना बोलावणं. म्हणून एक चावली की शंभर येतात. त्यामुळे नांगी राहिली असेल तर नखाने लगेच खरवडून काढायची, हात झाडत बसायचं नाही, तोंड झाकून पळायचं, घर-गाडी जे बंद मिळेल त्यात शिरायचं. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर घोटाळत थांबतात. खूप ठिकाणी चावल्या किंवा श्वासाला त्रास झाला तर भगत नको, सरळ दवाखाना.

सिनेमातली ती आग्या माशी. ती कड्यावर नाहीतर उंच झाडावर उघड्यावर एकच मोठं पोळं लावते, पेटीत राहत नाही, आणि मोसम संपला की आपण होऊन निघून जाते. गो. नी. दांडेकरांची मूळ कादंबरी कर्नाळ्याच्या बाजूची, तो कर्नाळ्याचा अंगठा पाहिलाय ना पनवेलजवळ? त्या सुळक्याला आजही मोहोळं लटकलेली असतात. तिथे ट्रेकवाले जाऊन आरडाओरडा करतात, सेंट मारून जातात, काही महाभाग खाली शेकोटी पेटवतात, आणि मग पळापळ.

पूर्वी मशाल लावून रात्री अख्खं पोळं जाळून मध काढायचे, अंडी-पिल्लांसकट. आता पोशाख घालून फक्त मधाचा भाग कापून घेतात, बाकीचं पोळं तसंच ठेवतात, माश्या परत भरतात. नाग्याला हे कुणी शिकवलं असतं तर पिक्चर अर्ध्या तासात संपला असता आणि चिंधी वाचली असती.

म्युनिकची_मावशी

इथे सगळे डोंगरातले जमलेत तर मी पण माझा डोंगर सांगते. माझा सिनेमा 'साऊंड ऑफ म्युझिक'. पुण्यात कॉन्व्हेंटला होते, सिस्टर दरवर्षी दाखवायच्या, 'डो रे मी' आम्हाला सारेगमच्या आधी आलं (आजोबांना हे अजिबात चाललं नाही). आईने मग बदला म्हणून 'परिचय' दाखवला, तीच गोष्ट हिंदीत. त्या नादात कॉयरमध्ये गेले, मग जर्मन शिकले, मग इथे आले, आणि इथल्या कॉयरमध्ये अजूनही आल्टो (बायकांचा खालच्या पट्टीतला आवाज) गाते. सरळ रेषा आहे.

आता गंमत ऐका कारण करवंद_जाळी ताईंच्या विद्यार्थिनीशी जुळतंय. म्युनिकहून साल्झबुर्ग ट्रेनने दोन तासांच्या आत. गेले हौसेने, मिराबेल बागेतल्या त्या पायऱ्यांवर उभी राहून फोटो काढला. माझ्या ऑफिसमधला साल्झबुर्गचा मुलगा, त्याने सिनेमा पाहिलेलाच नाही! तिकडच्या लोकांना तो फार माहीतच नाही, बसमधून उतरून गाणी म्हणणारे आपल्यासारखेच बाहेरचे. 'एडेलवाइस' हे ऑस्ट्रियाचं लोकगीत किंवा राष्ट्रगीत असेल असं मला शाळेत पक्कं वाटायचं, ते अमेरिकेत त्या म्युझिकलसाठी लिहिलेलं गाणं आहे. आणि सिनेमा ज्यांच्यावर आहे ते खरं फॉन ट्राप कुटुंब डोंगरावरून चालत पळालंच नाही, दिवसाढवळ्या ट्रेनने इटलीला गेलं. साल्झबुर्गहून तो डोंगर ओलांडला तर माणूस जर्मनीत उतरतो, म्हणजे थेट हिटलरच्या अंगणात.

हे सगळं कळून माझं काय बिघडलं? काही नाही. सिनेमा खोटा निघाला तरी माझा कॉयर खरा आहे. पण साल्झबुर्गच्या माणसाला मी ते गाणं 'तुमचं' म्हणून ऐकवायला जाणार नाही, इतपत शहाणपण आलं.

फुकटचा_समीक्षक

मावशी, 'सिनेमा खोटा पण कॉयर खरा' हे आवडलं. वाडीवरचा भाऊ, तुमचा प्रतिसाद वाचून माझं आधीचं अर्धं मत मागे घेतो. अर्धंच. आता इथे सगळे झपाटलेलेच लिहिणार, माझ्यासारखे इन्शुरन्सवाले गप्प बसणार, मग वाटणारच की सिनेमाने आयुष्यं घडतात.

पायपेटी

तुम्ही गप्प कुठे बसलात पण?

करवंद_जाळी

बापरे, सगळ्यांना एकत्रच लिहिते.

सातेरी, तुमचा नांगीचा भाग मी जसाच्या तसा फळ्यावर लिहिणार आहे. आमच्या सहावीतल्या एकाचा चेहरा मागच्या उन्हाळ्यात एवढा सुजला होता की डोळे दिसत नव्हते, आणि वर मला सांगतो कसा, बाई मध मात्र लई गोड होता.

वाडीवरचा, तुमचं उत्तर मी त्या मुलीला पाठवलं. तिचा रिप्लाय आला, 'अभिमान मिळाला ठीक आहे, पण अजून किती वर्षं तोच एक पिक्चर?' याला माझ्याकडे काही उत्तर नाही. खरंच की, 1977 नंतर ठाकरांवरचा दुसरा कुठला पिक्चर मला पटकन सांगता येत नाही. तिने एक केलं मात्र, आजीची गौरीची गाणी मोबाईलवर रेकॉर्ड करायला घेतलीत. आजी म्हणे मोबाईल समोर धरला की गप्प होते आणि भांडी घासताना बरोबर गाते, म्हणून ही मोबाईल चुलीमागे लपवून ठेवते.

तर ठरलंय असं की पिक्चर दाखवायचा, पूर्ण दाखवायचा, शेवटासकट, आणि नंतर मुलांनाच विचारायचं यातलं काय आपलं, काय नाही. गॅदरिंगला आधी आज्या, मग पिक्चरचं गाणं. ढोलाला माणूस मिळालाय पण त्याचा ढोल दोन पावसाळे माळ्यावर पडून होता, एका बाजूचं कातडं पार सैल झालंय. वाजवला तर नुसता धप्प करतो. कुणाला काही माहीत आहे का?

वाडीवरचा

सैल असेल तर आधी दोरी आवळून बघा, मग उन्हात ठेवा, पण कडक दुपारच्या उन्हात नको, तडकतं. कार्यक्रमाच्या आधी थोडी शेकोटी करून लांबून शेक द्यायचा, हाताने वाजवून बघत बघत. कातडं कुठे फाटलं-बिटलं असेल तर मात्र चढवूनच घ्यावं लागेल. आमच्याकडे एक म्हातारबाबा चढवून देतात, नंबर मेसेज करतो. आधी फोन करून जा, सध्या ते भातलावणीत असतील.

म्युनिकची_मावशी

आणि आज्यांचं रेकॉर्डिंग झालं की त्या मुलीची परवानगी असेल तर आम्हाला ऐकवा हो. सातेरी, तुमच्याकडे पेट्यांचं ट्रेनिंग सुट्टीवर आलेल्या माणसाला मिळतं का? डिसेंबरात येतेय.

सातेरी

मिळतं की. मी तर म्हणेन महाबळेश्वरजवळ मांघरला जाऊन या, मधाचं गाव म्हणून 2022 ला जाहीर झालंय, घरोघरी पेट्या बघायला मिळतील. फक्त येताना परफ्यूम लावू नका.